हवामान बदलाचे वार्तांकन आणि प्रसारकांचा निःपक्षपातीपणा : आधी अचूकता, मग समतोल

नीरक्षीर (धागाकर्ता)

१३ फेब्रुवारी २०१४ रोजी सकाळी बीबीसी रेडिओ ४ च्या ‘टुडे’ या कार्यक्रमात एक छोटी चर्चा झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो हिवाळा १७६६ पासूनच्या नोंदींतला सर्वांत पावसाळी ठरत होता, सॉमरसेटच्या सखल भागातली शेते आणि घरे आठवडेच्या आठवडे पाण्याखाली होती, आणि या पुराचा हवामान बदलाशी काही संबंध आहे का, हा प्रश्न स्वाभाविकपणे सगळीकडे विचारला जात होता. उत्तरासाठी दोन पाहुणे बोलावले गेले. एक होते इम्पीरियल कॉलेजमधले वातावरणशास्त्रज्ञ सर ब्रायन हॉस्किन्स आणि दुसरे मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळातले माजी अर्थमंत्री लॉर्ड नायजेल लॉसन. हॉस्किन्स यांनी सांगितले की गेल्या दहा-पंधरा वर्षांत पृष्ठभागाचे सरासरी तापमान फारसे वाढलेले दिसत नसले तरी जास्तीची उष्णता महासागर शोषून घेत आहेत. लॉसन म्हणाले, हा निव्वळ तर्क आहे. हॉस्किन्स म्हणाले, नाही, हे मोजमाप आहे. लॉसन म्हणाले, नाही, तर्कच आहे. त्यावर सूत्रसंचालकांनी दोघांना थांबवत म्हटले की हे दोन्हींचे मिश्रण आहे, नाही का.

त्या शेवटच्या वाक्यामुळे हा धागा काढावासा वाटला. सूत्रसंचालकांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. दोन पाहुणे दोन टोकांची विधाने करत असतील तर आपण मधे उभे राहायचे, ही सवय त्या व्यवसायात वर्षानुवर्षे अंगी बाणवली जाते आणि निवडणुकीच्या चर्चेत ती उपयोगीच पडते. परंतु एखादी गोष्ट मोजली गेली आहे की नाही, या प्रश्नाला मध्यबिंदू नसतो. समुद्राचे तापमान मोजणारी यंत्रणा अस्तित्वात होती, तिचे आकडे उपलब्ध होते, आणि श्रोत्यांना त्या सकाळी नेमके उलटे समजले. पुढे तक्रारी आल्या तेव्हा बीबीसीच्याच तक्रार विभागाने मान्य केले की लॉसन यांच्या मतांना संगणकीय प्रारूपांचा किंवा संशोधनाचा आधार नव्हता आणि ही गोष्ट श्रोत्यांपुढे स्पष्ट व्हायला हवी होती.

हा एका सकाळचा अपघात नव्हता. बीबीसीवर तेव्हा देखरेख ठेवणाऱ्या बीबीसी ट्रस्टने २००७ साली निःपक्षपातीपणावर एक अहवाल प्रसिद्ध केला होता, आणि पुराव्याचे वजन पाहता हवामान बदलाबाबतच्या सर्वसहमतीच्या विरोधकांना समान जागा देणे आता समर्थनीय नाही, असे त्यात नमूद होते. २०११ साली जनुकशास्त्रज्ञ प्राध्यापक स्टीव्ह जोन्स यांनी ट्रस्टसाठी बीबीसीच्या विज्ञान वार्तांकनाचा आढावा घेतला. एकंदर दर्जाबद्दल त्यांनी चांगले मत दिले, पण निःपक्षपातीपणाचे नियम विज्ञानाला यांत्रिकपणे लावल्यामुळे खोटा समतोल तयार होतो, असा स्पष्ट इशाराही दिला. एप्रिल २०१४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान समितीने तीच तक्रार केली. एवढे सगळे होऊनही १० ऑगस्ट २०१७ रोजी लॉर्ड लॉसन पुन्हा त्याच कार्यक्रमात आले आणि गेल्या दहा वर्षांत जगाचे सरासरी तापमान किंचित घटले आहे असे सांगून गेले. तोपर्यंत २०१४, २०१५ आणि २०१६ ही तिन्ही वर्षे एकामागोमाग उष्णतेचे उच्चांक मोडून गेली होती. समोर बसलेल्या पत्रकाराने त्यांना हटकले नाही. एप्रिल २०१८ मध्ये ऑफकॉम या नियामकाने हा अचूकतेच्या नियमाचा भंग ठरवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीबीसीच्या वृत्तविभागाच्या संचालक फ्रॅन अन्सवर्थ यांनी कर्मचाऱ्यांना कळवले की निःपक्षपाती राहण्यासाठी हवामान बदल सरसकट नाकारणाऱ्यांना बोलावण्याची गरज नाही. मँचेस्टर युनायटेड शनिवारी २-० ने जिंकले हे नाकारणाऱ्याला आपण बोलावणार नाही, तसेच हे आहे, असे त्यांनी लिहिले. या विषयावर आपण फार वेळा चुकतो, अशी कबुलीही त्याच पत्रात होती.

बीबीसीची कथा बऱ्याच जणांनी वाचलेली असते. ज्या प्रकरणाकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे ते चॅनेल फोरचे आहे. ८ मार्च २००७ रोजी या वाहिनीने ‘द ग्रेट ग्लोबल वॉर्मिंग स्विंडल’ हा माहितीपट दाखवला. तापमानवाढीला माणूस जबाबदार नाही, हे सांगणारा तो दीड तासाचा कार्यक्रम होता. ऑफकॉमकडे २६५ तक्रारी आल्या, त्यांपैकी एक शास्त्रज्ञांच्या गटाने मिळून केलेली आणि पावणेदोनशे पानांची होती. जुलै २००८ मध्ये निर्णय आला. ब्रिटिश सरकारचे माजी प्रमुख वैज्ञानिक सल्लागार सर डेव्हिड किंग, आयपीसीसी ही हवामान बदलाच्या विज्ञानाचा आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय समिती आणि कार्ल वुन्श हे समुद्रशास्त्रज्ञ यांच्याशी वाहिनी अन्यायाने वागली, हे ऑफकॉमने मान्य केले. विकसनशील देशांच्या धोरणांविषयीच्या शेवटच्या भागात निःपक्षपातीपणाचा भंग झाला, हेही मान्य केले. पण विज्ञानाबद्दलच्या आधीच्या चारही भागांबाबत तसा भंग नाही, असे ठरले.

त्याचे कारण नीट वाचण्यासारखे आहे. ब्रिटनमधला नियम असा की राजकीय किंवा औद्योगिक वादाच्या आणि सार्वजनिक धोरणाच्या विषयांवर प्रसारकाने यथोचित निःपक्षपातीपणा पाळावा. ऑफकॉमने म्हटले की तापमानवाढ मानवनिर्मित आहे, हा मुद्दा ब्रिटनमध्ये राजकीय वादाचा राहिलेला नाही, सरकारांनी तो स्वीकारलेला आहे, म्हणून त्याला हा नियम लागूच होत नाही. अचूकतेचा नियम तेव्हा फक्त बातम्यांसाठी होता आणि माहितीपट म्हणजे बातमी नव्हे. प्रेक्षकांची गंभीर हानी होईल इतकी दिशाभूल झालेली नाही, असेही ठरले. म्हणजे विज्ञान निर्णायक ठरले आहे, याच कारणाने त्याच्याविषयी चुकीचे सांगणारा कार्यक्रम नियमाच्या हाताबाहेर गेला. लॉसन यांचे २०१७ चे विधान पकडले गेले, कारण ते बातम्यांच्या कार्यक्रमात झाले होते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की निःपक्षपातीपणाच्या नियमाकडून आपण जी अपेक्षा करतो ती तो एकटा पुरी करू शकत नाही. तथ्ये तपासून झाल्यावर जे प्रश्न शिल्लक राहतात (खर्च कोणी सोसायचा, कोळसा कधी थांबवायचा, कोणत्या शेतकऱ्याला काय भरपाई द्यायची) त्यांच्यासाठी निःपक्षपातीपणा आहे, आणि तिथे तो काटेकोर हवा. तथ्यांसाठी अचूकता हवी, आणि ती बातमीपत्र, माहितीपट, चर्चा अशा सगळ्या प्रकारांत हवी. सदस्यांनी यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

---

वेधशाळा

लेख आवडला. समुद्राच्या तापमानाशी माझा कामानिमित्त संबंध येतो, म्हणून त्या मोजमापाबद्दल थोडे सांगतो. आर्गो नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात समुद्रात सोडलेले तरंगते स्वयंचलित मापक दर दहा दिवसांनी सुमारे दोन हजार मीटर खोल जातात, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि पृष्ठभागावर आल्यावर उपग्रहाला माहिती पाठवतात. २००७ च्या अखेरीस अशा मापकांची संख्या तीन हजारांवर गेली होती. हैदराबादची इन्कॉइस ही आपली संस्था या प्रकल्पात सहभागी आहे आणि हिंदी महासागरातले मापक सोडण्यात तिचा वाटा आहे. २०१४ साली ‘मिश्रण’ ठरवली गेलेली गोष्ट ही होती.

परंतु हॉस्किन्स यांची बाजू त्या दिवशी अवघड का झाली, हेही पाहायला हवे. त्यांना विचारलेला मूळ प्रश्न ‘हा पूर हवामान बदलामुळे आला का’ असा होता आणि प्रामाणिक शास्त्रज्ञ त्याला हो किंवा नाही असे उत्तर देऊ शकत नाही. त्यांनी तसे दिले नाही, शक्यता वाढते एवढेच सांगितले. त्यांच्या त्या सावधपणामुळे समोरच्या ठाम माणसाचे म्हणणे ऐकणाऱ्याला जास्त पटण्याजोगे वाटले असणार. दूरचित्रवाणीवर तर हे अधिकच घडते, कारण तिथे चेहरा दिसतो, आणि शब्द तोलून बोलणारा चेहरा गोंधळलेला वाटतो.

गेल्या दहा वर्षांत या प्रश्नाचे उत्तर देण्याची पद्धत बदलली आहे. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन हा गट एखाद्या घटनेनंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत, माणसाने वातावरण तापवले नसते तर ही घटना किती वेळा घडली असती, याचा हिशेब मांडतो. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये जी उष्णतेची लाट आली ती तापमानवाढीमुळे किमान दहापट अधिक शक्य झाली, असे त्यांचे उत्तर होते. एप्रिल २०२३ मधल्या भारत आणि बांगलादेशातल्या दमट उष्णतेबद्दल त्यांनी किमान तीसपट असा निष्कर्ष काढला. ही तीच लाट, जिच्यात १६ एप्रिलला खारघरच्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात उन्हात बसलेली माणसे दगावली. त्या आठवड्यातल्या आपल्या वाहिन्यांवरच्या चर्चा मी पाहिल्या. कार्यक्रम भर दुपारी का ठेवला, मांडव का नव्हता, जबाबदार कोण, हे प्रश्न अगदी योग्य होते आणि ते विचारले गेले. दमट हवेत छत्तीस-सदतीस अंशांचे ऊनही शरीराला का झेपत नाही, घाम वाळला नाही तर आत काय होते, आणि असे दिवस कोकणपट्टीत वाढत आहेत का, हे सांगायला मात्र मला दिसलेल्या चर्चांत कोणीच नव्हते.

---

मुक्तचिंतक

धागाकर्त्यांनी विषय मेहनतीने मांडला आहे, तरीही माझे काही ठाम आक्षेप आहेत. तापमान वाढते आहे आणि त्यात माणसाचा मोठा वाटा आहे, हे मला मान्य आहे, त्यामुळे माझे म्हणणे त्या चष्म्यातून वाचू नये.

२००७ च्या ज्या अहवालाचा उल्लेख झाला, त्यातले ते वाक्य कशाच्या आधारावर लिहिले गेले होते, हे सांगायचे राहिले. बीबीसीने जानेवारी २००६ मध्ये एक चर्चासत्र घेतले होते आणि त्यात काही सर्वोत्तम वैज्ञानिक तज्ज्ञ सहभागी झाले, असे अहवालात म्हटले होते. एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली त्या तज्ज्ञांची नावे मागितली. बीबीसीने ती दिली नाहीत, वकील उभे केले, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यायाधिकरणापुढे बीबीसी जिंकलीही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती यादी इंटरनेटवरच्या एका जुन्या जतन केलेल्या पानावर सापडली. त्या अठ्ठावीस जणांत शास्त्रज्ञ होते, पण पर्यावरण चळवळीतले कार्यकर्ते, धर्मसंस्थांचे आणि उद्योगांचे प्रतिनिधीही होते. निष्कर्ष बरोबर असेल, परंतु तो ज्या प्रकारे काढला गेला आणि नंतर झाकला गेला, त्याने संशय घेणाऱ्यांच्या हाती कोलीत दिले.

दुसरी गोष्ट. ‘हे आता ठरलेले आहे’ हे वाक्य कोण उच्चारणार? आज ते हवामानाबद्दल योग्य रीतीने उच्चारले जाते. उद्या एखादा संपादक ते अणुऊर्जेबद्दल, जनुकीय बियाण्यांबद्दल किंवा एखाद्या सरकारी योजनेच्या यशाबद्दल उच्चारेल. आपल्याकडे सरकारी वाहिनीने कित्येक दशके हेच केले, आणि ते मी पाहत मोठा झालो. म्हणून चुकीचे बोलणाऱ्याला दारातच अडवण्यापेक्षा त्याला आत येऊ द्यावे आणि तयारीच्या पत्रकाराने तिथेच खोडून काढावे, हा मार्ग मला लोकशाहीला जास्त धरून वाटतो. लॉसन यांना बोलावले ही चूक नव्हती. समोर बसलेल्याला आकडे ठाऊक नव्हते, ही चूक होती.

---

नीरक्षीर (धागाकर्ता)

मुक्तचिंतक, चर्चासत्राच्या यादीबद्दल तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते. प्रेक्षकांच्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीसारख्या संस्थेने स्वतःच्या संपादकीय धोरणाचा आधार लोकांपासून लपवायला नको होता. आयपीसीसीचे अहवाल, रॉयल सोसायटीची निवेदने, राष्ट्रीय विज्ञान अकादमींची भूमिका हे सगळे उघड्यावर उपलब्ध असताना बंद खोलीतल्या बैठकीचा हवाला देण्याची मुळात गरजच नव्हती.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र आपली वाट वेगळी आहे. तयारीच्या पत्रकाराने खोडून काढावे, हे ऐकायला योग्य वाटते, पण थेट प्रसारणात पाच मिनिटांचा वेळ असतो. चुकीचे विधान करायला आठ सेकंद लागतात आणि ते का चूक आहे हे सांगायला, वेधशाळा यांनी वर आर्गोबद्दल लिहिले तेवढे, म्हणजे निदान एक मिनिट लागते. पाहुण्याने अशी चार विधाने केली की कार्यक्रम संपतो. शिवाय त्या पाच मिनिटांत ज्या खऱ्या प्रश्नावर बोलणे व्हायला हवे होते तो बाजूलाच राहतो. सॉमरसेटमध्ये नद्यांचा गाळ काढायचा की वरच्या भागात पाणी अडवायचे, शेते वाचवायची की गावे, यावर २०१४ साली खरोखर मतभेद होते, दोन्हीकडे जाणकार होते, आणि निःपक्षपाती चर्चेची तिथे नितांत गरज होती. ती जागा महासागर तापतात की नाही, या प्रश्नाने खाल्ली. मला राग येतो तो या नुकसानीचा.

‘ठरलेले’ कोणी ठरवायचे, याचे माझे उत्तर असे : संपादकाने ठरवायचे नाही, त्याने फक्त शोधायचे. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात मानवी प्रभावाने वातावरण, महासागर आणि जमीन तापली आहे, हे निःसंदिग्ध म्हटले आहे. त्याच अहवालात ढगांचा परिणाम, प्रादेशिक पावसातले बदल, हिमस्तरांचे भवितव्य यांबद्दल खात्रीच्या वेगवेगळ्या पायऱ्या लिहिल्या आहेत. जिथे अहवालच अनिश्चितता सांगतो तिथे वाहिनीनेही ती सांगितली पाहिजे. उद्या एखाद्या वाहिनीने प्रत्येक वादळाला आणि प्रत्येक गारपिटीला हवामान बदलाचे लेबल लावले, तर मी तिच्याविरुद्धही याच अचूकतेच्या नियमाखाली तक्रार करीन.

---

कृष्णाकाठ

मी बरीच वर्षे मराठी वृत्तवाहिन्यांसाठी बातमीदारी केली. कोणत्या वाहिन्यांसाठी, हे महत्त्वाचे नाही. ब्रिटनमधली ही चर्चा वाचताना सारखे वाटत राहिले की आपला आजार वेगळा आहे. हवामान बदल खोटा आहे, असे सांगणारा पाहुणा मला कोणत्याही मराठी वाहिनीवर भेटला नाही. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटने २०११ मध्ये सहा देशांच्या वृत्तपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातही हेच दिसले की संशयवाद्यांना जागा मिळते ती मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमध्ये, भारतात फारच कमी. आमच्याकडे समतोल म्हणजे प्रत्येक पक्षाचा एक प्रवक्ता. तो सांभाळला की संपादकांच्या दृष्टीने निःपक्षपातीपणाचे काम झाले.

ऑगस्ट २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुराचे सांगतो. दिवसा आम्ही पाण्यात उभे राहून पीटीसी (कॅमेऱ्याकडे पाहून केलेले निवेदन) द्यायचो, कारण डेस्कला पाण्यातलाच बातमीदार हवा असायचा. रात्री स्टुडिओत चर्चा. विषय कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा. एका बाजूला सत्ताधारी, दुसऱ्या बाजूला विरोधक, आणि हळूहळू चर्चा महाराष्ट्र विरुद्ध कर्नाटक अशी होऊन जायची. जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता एकदा पॅनेलवर होते. ते धरणातल्या साठ्याचे आणि विसर्गाचे तारीखवार आकडे लिहून घेऊन आले होते. त्यांच्या वाट्याला एकदा बोलणे आले, दुसऱ्यांदा मधेच ब्रेक झाला, आणि ब्रेकनंतर विषय मदतीच्या पाकिटांवर गेला. कागद घडी करून खिशात ठेवताना मी त्यांना पाहिले. ते काहीच बोलले नाहीत.

थोड्या दिवसांत किती पाऊस पडला, तसा पाऊस आता जास्त वेळा पडणार आहे का, पूररेषेच्या आत बांधकामांना परवानगी कोणी आणि कधी दिली, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखलेली निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठीची लाल रेषा जुन्या नोंदींवर बेतलेल्या असतील तर त्या आज पुरेशा आहेत का, हे प्रश्न सर्वपक्षीय अडचणीचे आहेत. नदीकाठच्या परवानग्या सगळ्यांच्याच काळात दिल्या गेल्या. त्यामुळे चार प्रवक्ते बसवले की हे प्रश्न आपोआप गळून पडतात आणि कोणालाही पक्षपाताची तक्रार करता येत नाही. या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल २०२० साली सादर झाला. त्यातल्या शिफारशींवर सलग तासभराची चर्चा कोणत्या वाहिनीने केली असेल, तर मला ती पाहायला आवडेल.

---

टेम्सतीर

ब्रिटनमधल्या बीबीसीखेरीजच्या वाहिन्यांबद्दल दोन नोंदी कराव्याशा वाटतात. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी, निवडणुकीच्या धामधुमीत, चॅनेल फोरने फक्त हवामानावर पक्षनेत्यांची चर्चा घेतली. पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि ब्रेक्झिट पक्षाचे नायजेल फराज आले नाहीत. त्यांच्या जागी वाहिनीने बर्फात कोरलेले पृथ्वीचे गोल ठेवले आणि कार्यक्रमभर ते ठिबकत राहिले. हुजूर पक्षाने नेत्याऐवजी मायकेल गोव्ह यांना पाठवले होते, पण चर्चा नेत्यांचीच आहे, या कारणाने त्यांना आत घेतले नाही. पक्षाने ऑफकॉमकडे तक्रार केली. काही दिवसांतच निकाल लागला की तो बर्फ म्हणजे पंतप्रधानांचे व्यक्तिशः चित्रण नव्हते आणि पक्षाची भूमिका चर्चेत पुरेशी मांडली गेली होती, म्हणून नियमभंग नाही. मला स्वतःला ती बर्फाची कल्पना आवडली नाही. रिकामे व्यासपीठ पुरेसे बोलके असते. त्यावर वितळणारा गोल ठेवला की वाहिनी स्वतःच वादातला एक पक्ष दिसू लागते, आणि पुढे तिने कितीही अचूक सांगितले तरी निम्मे प्रेक्षक ऐकत नाहीत.

दुसरी नोंद जुलै २०२२ मधली. जीबी न्यूजवर हवामानतज्ज्ञ जॉन हॅमंड येऊ घातलेल्या उष्णतेने शेकडो, कदाचित हजारो माणसे दगावतील, असे सांगत होते, तेव्हा निवेदिकेने त्यांना थांबवून हवामानाबद्दल आपण आनंदी असावे, असे म्हटले आणि हवामानतज्ज्ञ हल्ली असे निराशावादी का झाले आहेत, अशी विचारणा केली. पाच दिवसांनी, १९ जुलैला, लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबी इथे ४०.३ अंश सेल्सियसची नोंद झाली. ब्रिटनमध्ये चाळिशी प्रथमच ओलांडली गेली होती. त्या उन्हाळ्याच्या उष्ण काळांत ६५ वर्षांवरच्या सुमारे २,८०० जणांचे अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज ब्रिटनच्या आरोग्य सुरक्षा यंत्रणेने नंतर दिला. त्या संवादात दोन बाजू नव्हत्याच. एक अंदाज होता आणि तो ऐकायला नको वाटणारी एक व्यक्ती होती. असल्या प्रसंगाला निःपक्षपातीपणाच्या नियमाने मोजायला गेलो तर हाती काही लागत नाही, म्हणून धागाकर्त्यांच्या अचूकतेच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे.

फ्रान्सने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. तिथल्या आर्कॉम या नियामकाने जुलै २०२४ मध्ये सीन्यूज वाहिनीला २०,००० युरोंचा दंड केला, कारण मानवनिर्मित तापमानवाढ हे थोतांड आहे असे एका पाहुण्याने सांगितले आणि स्टुडिओत कोणीही त्याला अडवले नाही. दंड पाहुण्याच्या मताला नव्हता, ते तसेच जाऊ देण्याला होता. मुक्तचिंतक यांच्या अपेक्षेच्या हे बरेच जवळ जाते, असे मला वाटते.

---

मुक्तचिंतक

हो, आर्कॉमची पद्धत मला मान्य आहे. पाहुणा आला, बोलला, आणि प्रश्न विचारण्याची जबाबदारी वाहिनीवर राहिली. पण ब्रिटनमध्ये पुढे काय, याचे उत्तर धागाकर्त्यांनी द्यावे. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट २०१९ साली कायद्यात आले तेव्हा सगळे मोठे पक्ष त्याच्या बाजूने होते. आता तसे नाही. मार्च २०२५ मध्ये हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी हे उद्दिष्ट अशक्य असल्याचे सांगितले आणि ऑक्टोबरमध्ये २००८ चा हवामान बदल कायदाच रद्द करण्याचे आश्वासन दिले. ऑफकॉमच्या २००८ च्या तर्काने पाहिले तर हा विषय पुन्हा राजकीय वादाचा झाला. मग दोन्ही बाजूंना जागा द्यावी लागणार नाही का?

---

नीरक्षीर (धागाकर्ता)

द्यावीच लागेल, आणि ती मनापासून द्यावी. २०५० ही तारीख योग्य आहे का, उष्णता पंप बसवण्याचा खर्च घरमालकाने सोसावा की सरकारने, उत्तर समुद्रातले तेल काढणे थांबवावे की नाही, यांवर बेडनॉक यांच्या पक्षाचे म्हणणे पूर्ण, न तोडता आणि कुत्सित सुराशिवाय दाखवले गेले पाहिजे. खर्चाचे आकडे दोन्ही बाजू फेकतात, म्हणून दोन्हींचे तपासले पाहिजेत. अनेक पर्यावरणवादी मित्रांना हे आवडत नाही, पण महागडे वीजबिल भरणाऱ्या माणसाचा प्रश्न म्हणजे विज्ञान नाकारणे नव्हे, आणि त्याला तसे वागवणारी वाहिनी त्याला जीबी न्यूजकडे ढकलते.

माझी भीती वेगळीच आहे. धोरण वादग्रस्त झाले की त्याच्या आडून विज्ञानही पुन्हा वादग्रस्त असल्यासारखे चर्चेत येते. कायदा रद्द करा म्हणणारा पाहुणा तिसऱ्या मिनिटाला ‘तापमान तर नेहमीच बदलत आले आहे’ असे म्हणतो, आणि सूत्रसंचालकाला वाटते की हाही त्या पक्षाच्या मताचाच भाग आहे, म्हणून आपण मधे पडू नये. त्या क्षणी त्याने पडलेच पाहिजे. त्यासाठी त्याच्या कानातल्या इअरपीसमधून सांगणारा, विषय जाणणारा निर्माता स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात असावा लागतो. जोन्स यांच्या आढाव्यानंतर बीबीसीने जवळपास २०० कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण घेतले, तरी २०१७ ची मुलाखत झालीच. वृत्तकक्षात विज्ञान समजणाऱ्या माणसाला विषय निवडताना आणि पाहुणा ठरवताना अधिकार नसेल, तर प्रशिक्षण कागदावर राहते, असे मला त्यावरून वाटते.

---

कृष्णाकाठ

तो अधिकार आमच्याकडे गेस्ट कोऑर्डिनेटरकडे असतो, आणि तो मुलगा किंवा मुलगी दुपारी चार वाजता, कोण मोकळे आहे आणि कोण स्टुडिओत येऊ शकते, एवढेच पाहून फोन लावते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कोणाला फोन लावायचा याची यादीच त्यांच्याकडे नसते. पुण्यात उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे, हवामान विभागाचे मोठे कार्यालय आहे, राज्यात कृषी विद्यापीठे आहेत, निवृत्त अभियंते आहेत. जिल्हावार पन्नास नावांची यादी एखाद्या पत्रकार संघाने तयार करून सगळ्या वाहिन्यांना दिली, तर निदान पुढच्या पुरात चौथ्या प्रवक्त्याच्या खुर्चीत कोणीतरी जाणकार बसेल.

---

वेधशाळा

यादीसाठी माझी मदत गृहीत धरा. सरकारी संस्थांतल्या शास्त्रज्ञांना माध्यमांशी बोलण्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागते आणि संध्याकाळच्या चर्चेसाठी ती वेळेत मिळत नाही, त्यामुळे निवृत्तांची आणि विद्यापीठांतल्या लोकांची नावे आधी घ्यावीत. आणखी एक गोष्ट. २०२२ च्या अपलिंकिंग-डाउनलिंकिंगच्या (म्हणजे वाहिन्यांच्या उपग्रह प्रसारणाच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाहिन्यांना रोज अर्धा तास लोकहिताचा मजकूर दाखवायचा आहे आणि त्याच्या विषयांत पर्यावरणाचे रक्षण, शेती आणि विज्ञान यांचा समावेश आहे. पूररेषा समजावून सांगणारा अर्धा तास त्यात सहज बसतो.

---

सजग वाचक

भारतात तक्रारीची सोय काय, हा प्रश्न वर राहून गेला, म्हणून लिहितो. ब्रिटनसारखे निःपक्षपातीपणाचे वैधानिक बंधन आपल्या खासगी वाहिन्यांवर त्या स्वरूपात नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायद्याखालची कार्यक्रम संहिता आहे, आणि एनबीडीए या वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची आचारसंहिता आहे, जिच्यात अचूकता आणि निःपक्षपातीपणा ही दोन्ही तत्त्वे आहेत. तिची दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये होती. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही रक्कम परिणामकारक नसल्याचे म्हटले. तरीही तक्रार करणे निरुपयोगी नाही, कारण लेखी उत्तर द्यावे लागते आणि ते नोंदीत राहते.

केबल कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनुसार तक्रार प्रथम थेट वाहिनीकडे करायची. तिने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झाले नाही तर त्यानंतरच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियामक संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे अपील करता येते, आणि तिसरा टप्पा केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेचा असतो. तक्रारीत कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ आणि नेमके विधान लिहावे, आणि शक्य असल्यास ध्वनिचित्रफितीचा दुवा जोडावा. ‘वाहिनी पक्षपाती आहे’ एवढेच लिहिलेल्या तक्रारीला साचेबंद उत्तर येते. ‘अमुक मिनिटाला अमुक विधान झाले, हवामान विभागाच्या नोंदीप्रमाणे ते चूक आहे, दुरुस्ती प्रसारित करावी’ असे लिहिले तर ते टाळणे वाहिनीला अवघड जाते. कोणाला मसुदा हवा असल्यास मी इथेच लिहून देईन.